ठसा कोणाचा, दावा कोणाचा?

साधारण वीस वर्षांपूर्वी शिकागो परिसरातल्या ज्युएल-ऑस्को या किराणा दुकानांच्या साखळीत गिऱ्हाइकांना नुसते बोट टेकवून बिल भागवता येत असे. ना कार्ड, ना रोकड. ही सोय पुरवणारी कंपनी होती सॅन फ्रान्सिस्कोची ‘पे बाय टच’. २००७च्या अखेरीस तिचे दिवाळे निघाले आणि पुढच्या वर्षी सेवा बंद पडली. दिवाळखोरीत कंपनीची मालमत्ता विकून धनकोंची देणी भागवतात. मग गिऱ्हाइकांच्या ठशांचा साठा हीसुद्धा मालमत्ताच समजायची का?

या प्रश्नातून इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने ऑक्टोबर २००८मध्ये एक कायदा लागू केला. ‘बायोमेट्रिक इन्फर्मेशन प्रायव्हसी ॲक्ट’ हे त्याचे नाव. वकील मंडळी त्याला नुसते ‘बीपा’ म्हणतात. त्यामागचा विचार सरळ होता. कार्ड चोरीला गेले तर बँक नवे देते, पण अंगठा, डोळ्याचे बुबुळ किंवा चेहऱ्याची ठेवण बदलून मिळत नाही. म्हणून खासगी कंपनीने असा ठसा घेण्याआधी तो कशासाठी आणि किती काळ ठेवणार हे लेखी कळवायचे आणि लेखी संमती घ्यायची. ठसा विकायचा नाही. काम संपले की तो नष्ट करायचा आणि काहीही झाले तरी त्या माणसाशी आलेल्या शेवटच्या संबंधापासून तीन वर्षांपलीकडे ठेवायचा नाही.

असे नियम कागदावर अनेक ठिकाणी असतात. इलिनॉयचे वेगळेपण पुढच्या कलमात आहे: नियम मोडला तर ज्याचा ठसा, तो स्वतः कोर्टात जाऊ शकतो. भरपाई निष्काळजीपणासाठी १,००० डॉलर, जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने केलेल्या उल्लंघनासाठी ५,००० डॉलर.

पहिली काही वर्षे या कलमाकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१४मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सहलीबरोबर गर्नी गावच्या ‘सिक्स फ्लॅग्ज’ करमणूक उद्यानात गेला. तिथे हंगामी पाससाठी त्याच्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. आईने दावा लावला. ठशाचा गैरवापर झाला नाही, मग नुकसान कसले, असा कंपनीचा बचाव होता. जानेवारी २०१९मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. हक्क डावलला गेला हेच दावा लावायला पुरेसे, असा निकाल आला आणि दाव्यांची रांग लागली.

फोटोतले चेहरे ओळखून नावे सुचवणाऱ्या फेसबुकवर २०१५पासूनच खटला चालू होता. तो ६५ कोटी डॉलरना मिटला आणि दावा करणाऱ्या इलिनॉयमधल्या लाखो लोकांना पैसे मिळाले. नोव्हेंबर २०२१मध्ये कंपनीने ही चेहरा-ओळख यंत्रणा बंद करून शंभर कोटींहून जास्त लोकांचे चेहऱ्याचे नमुने पुसण्याचे जाहीर केले.

दावा लावण्याच्या या हत्याराची धार उद्योगांना बोचू लागली ती हजेरीच्या यंत्रांमुळे. ‘व्हाइट कॅसल’ या बर्गरच्या दुकानांत कर्मचारी बोट टेकवून पगारपत्रक पाहत. बोट जितक्या वेळा टेकवले तितकी उल्लंघने, असा अर्थ न्यायालयाने फेब्रुवारी २०२३मध्ये लावला. या हिशेबाने भरपाई १,७०० कोटी डॉलरपुढे जाईल, असे कंपनीचे म्हणणे होते. छोटे व्यावसायिक धास्तावले, वकिलांचीच चंगळ झाल्याची टीका झाली. ऑगस्ट २०२४मध्ये राज्याने दुरुस्ती केली: एकाच पद्धतीने कितीही वेळा ठसा घेतला तरी एका माणसाला भरपाई एकदाच.

टेक्सासनेही असाच कायदा केला, पण दावा लावण्याचा अधिकार फक्त राज्याच्या महाधिवक्त्याला दिला. या कायद्याखालचा पहिला खटला उभा राहायला २०२२ साल उजाडले. मात्र तडजोड झाली तेव्हा आकडा दांडगा होता: २०२४मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटाने १४० कोटी डॉलर कबूल केले. हे पैसे सरकारी तिजोरीचे; ज्यांचे चेहरे वापरले गेले त्यांच्या खात्यावर त्यातला डॉलरही जमा होणार नव्हता.

इलिनॉयच्या कायद्यालाही एक मोठे भगदाड आहे. तो खासगी कंपन्यांना लागू होतो. राज्य सरकार, नगरपालिका आणि पोलिस त्यातून मोकळे आहेत. पोलिसांच्या वापरातला धोका शेजारच्या मिशिगनमध्ये दिसला. जानेवारी २०२०मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय गृहस्थांना घड्याळांच्या चोरीसाठी पकडले, कारण संगणकाने चुकीचा चेहरा जुळवला होता. २०२४च्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी नुसत्या अशा जुळणीवर अटक न करण्याचे मान्य केले.

आता प्रश्न ठशांपुरता उरलेला नाही. नोकरभरतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून भेदभाव करू नये, अशी इलिनॉयची तरतूद १ जानेवारी २०२६पासून लागू आहे. राज्यांच्या अशा कायद्यांना दहा वर्षे अटकाव करण्याचा प्रस्ताव वॉशिंग्टनमध्ये आला होता. जुलै २०२५मध्ये सिनेटने तो ९९ विरुद्ध १ मतांनी वगळला. एरवी सगळे एकमेकांशी भांडतात त्या सभागृहात हा आकडा दुर्मीळच.

आता आपल्याकडे पाहू. भारतात पोलिस हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्राने २०२४मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी ‘मार्वल’ ही कंपनी स्थापन केली. विदासंरक्षणाचा २०२३चा कायदा मात्र केंद्राचा आहे आणि त्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. दंडाची कमाल रक्कम २५० कोटी रुपये, पण ती भारताच्या संचित निधीत जमा होते. निष्काळजीपणे माहिती हाताळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागण्याची सोय आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३-अ कलमात आहे. नव्या कायद्याचा पूर्ण अंमल सुरू झाला की ते कलमही रद्द होईल. म्हणजे नागरिकाला तक्रार करता येईल, कंपनीला दंड होऊ शकेल, पण या कायद्याखाली त्याच्या हाती भरपाई पडणार नाही.