अनशापोटींची गोळी

कामठीस कन्हानच्या काठीं सकाळीं फिरावयास जाणारे आम्ही सात-आठ सेवानिवृत्त गृहस्थ आहों. परततांना चहाचा विषय निघाला कीं कोणी तरी खिशांतून गोळ्यांची पट्टी काढतो व म्हणतो, "थांबा, आधीं गोळी घेतों." गेल्या महिन्यांत सहज मोजदाद केली, तों पांच जण ही गोळी नित्य घेणारे अथवा घेतलेले निघाले. कोणत्या विकाराकरितां, असें विचारतां दोघांसच उत्तर देतां आलें. बाकी तिघांचें म्हणणें एवढेंच कीं, "पोटास बरी असते." त्या तिघांत प्रस्तुत लेखकहि होता, म्हणून हा लेखनप्रपंच.

अम्लपित्त हा विकार कांहीं नवा नव्हे. माधवनिदानांत त्यास स्वतंत्र अध्याय आहे. नवें आहे तें औषध. ओमेप्राझोल हें या वर्गांतील पहिलें औषध १९८८ सालीं बाजारांत आलें. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल हीं त्याचीं धाकटीं भावंडें. खाण्याचा सोडा पोटांत उत्पन्न झालेलें आम्ल मारतो; हीं औषधें आम्ल बाहेर टाकणारे जठरांतील सूक्ष्म पंपच बंद पाडतात. जठरव्रण, त्यांतून होणारा रक्तस्राव आणि अन्ननलिकेचा दाह यांवर त्यांचा उपकार फार मोठा आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे.

परंतु जठरांतील आम्ल हें केवळ उपद्रव देण्यासाठीं निर्माण झालेलें नाहीं. अन्नाबरोबर आलेल्या जंतूंचा तें नाश करतें. धान्य व भाजीपाल्यांतील लोह रक्तांत शोषलें जाण्यास साहाय्य करतें. आणि अन्नांतील प्रथिनांस चिकटलेलें बी-बारा जीवनसत्त्व सोडवून देतें. आपल्या घरांच्या दृष्टीनें हें तिसरें कार्य विशेष महत्त्वाचें आहे. बी-बारा वनस्पतींत जवळजवळ नसतेंच. शाकाहारी मनुष्यास तें मुख्यतः दूध, दहीं, ताक यांतूनच मिळावयाचें. पुण्यांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेंकडा ६७ जणांत बी-बारा कमी आढळलें, आणि शहरी मध्यमवर्गांत हें प्रमाण शेंकडा ८१ होतें! म्हणजे कोठार आधींच रितें, आणि त्याची किल्ली आपण रोज सकाळीं आपल्याच हातानें बोथट करतों.

कॅलिफोर्नियांत सुमारे २६ हजार बी-बारान्यून रुग्णांची इतरांशीं तुलना करून २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत, दोन वर्षें वा अधिक काळ ही गोळी घेणें आणि ही न्यूनता यांचा संबंध आढळला. मधुमेहावरील मेटफॉर्मिनहि बी-बारा कमी करूं शकतें. ज्या घरीं दोन्हीं गोळ्या एकाच डबींत आहेत, तेथें अधिक सावधपणा हवा.

माझें म्हणाल तर, गुडघेदुखीच्या वेदनाशामकाबरोबर पोटाच्या रक्षणार्थ ही गोळी मला पंधरा दिवसांपुरती सांगितली होती. वेदनाशामक संपलें, गोळी मात्र मीं आपण होऊन सात वर्षें चालूं ठेविली. पुढें तळपायांस मुंग्या येऊं लागल्या, अंधारांत तोल जाऊं लागला, आणि जन्मभर पाठ असलेले श्लोक मध्येंच अडूं लागले. वार्धक्य म्हणून मीं दीड वर्ष सोसलें. अखेर रक्त तपासलें, तेव्हां बी-बारा अत्यल्प निघालें. इंजेक्शनांनीं श्लोक पुष्कळसे परत आले. पायांची बधिरता मात्र पुरती गेली नाहीं, कारण मज्जातंतूंची हानि फार दिवस राहिल्यास ती भरून येईलच असें नसतें. डॉक्टरांनीं दोष एकट्या गोळीस दिला नाहीं. शाकाहार, वय आणि गोळी या तिहींनीं मिळून हें केलें, असें ते म्हणाले.

हा विवेक आपणहि राखावा. हाडें मोडणें, रक्तांतील मॅग्नेशियम घटणें यांविषयीं अमेरिकेच्या औषध-प्रशासनानें अनुक्रमें २०१० व २०११ सालीं इशारे दिले. मूत्रपिंडाच्या दाहाचींहि उदाहरणें आहेत. परंतु संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालें असें नव्हे; काकतालीय न्याय आपणांस ठाऊक आहेच. १७,५९८ जणांवर सुमारें तीन वर्षें केलेल्या आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, आंतड्यांचे संसर्ग किंचित् अधिक, एवढाच ठळक दोष आढळला. तेव्हां भिण्याचें कारण नाहीं. अर्थात् तीन वर्षांचा अनुभव म्हणजे पंधरा वर्षांचा नव्हे, हेंहि विसरूं नये.

हा लेख वाचून मात्र कोणीं उद्यांच गोळी फेकून देऊं नये. ज्यांस व्रणांतून रक्तस्राव झालेला आहे, किंवा जे हृदयविकारास्तव ॲस्पिरिन घेतात, त्यांस ती प्राणरक्षक असूं शकते. शिवाय गोळी एकाएकीं सोडली कीं आम्ल उसळून येतें. डेन्मार्कमध्यें अम्लपित्त मुळींच नसलेल्या १२० निरोगी माणसांतील निम्म्यांस आठ आठवडे ही गोळी दिली. ती थांबविल्यावर त्यांतील शेंकडा ४४ जणांस पित्ताचा त्रास झाला, गोळी न घेतलेल्यांत शेंकडा १५. ही उसळी पाहून मनुष्य समजतो कीं रोग परतला, आणि पुन्हां पट्टी आणतो. म्हणून मात्रा हळूहळू कमी करावी, आणि तीहि डॉक्टरांच्या देखरेखीखालीं.

घरांतील कर्त्या माणसानें वर्षांतून एकदां तीन प्रश्न डॉक्टरांस विचारावे: ही गोळी कशाकरितां, किती दिवस, आणि याहून थोडी पुरेल काय? दोन वर्षें उलटलीं असल्यास बी-बारा तपासून घ्यावें. रात्रीचें जेवण निजण्यापूर्वीं दोन-तीन तास उरकावें आणि खाटेची उशाकडील बाजू थोडी उंच करावी. तर्रीचे पोहे व गोळाभातावरील फोडणीचें तेल यांचें प्रायश्चित्त गोळीनें घेण्यापेक्षां ते बेतानेंच खाल्लेले बरे.

आमच्या मंडळींतील एकानें परवां नव्या पट्टीवर शाईनें तारीख घातली आणि शेजारीं लिहिलें: "कशाकरितां?" उत्तर आणावयास तो येत्या सोमवारीं डॉक्टरांकडे जाणार आहे.