घर सुटलेली मुले



कोल्हापूरजवळचे गांधीनगर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. लग्नाचा बस्ता बांधायला आजही कितीतरी गावांची माणसे तिथल्या कापडबाजारात जातात. पण त्याच जागी, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधल्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बहुतेक बायका आणि मुले.

ही मुले इथवर आली कशी? १९३९ साली जर्मनी आणि रशिया यांनी दोन बाजूंनी पोलंड गिळला. पुढे १९४० व १९४१ साली रशियाने लाखो पोलिश लोकांना आगगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कितीतरी मुलांचे आईबाप गेले. १९४२ साली ज्यांना बाहेर पडता आले ते इराणमार्गे निरनिराळ्या देशांत पांगले, आणि त्यांतले काही आपल्या दारी आले.

छावणीत अन्न-औषध होतेच. त्याखेरीज मुलांसाठी पोलिश भाषेतल्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती, नाटके होती. आता कुणी म्हणेल, "अहो, जीव वाचला हेच पुष्कळ. तिथे नाटके कसली करता?" मला आज सांगायचे आहे ते नेमके हेच. पोट भरले म्हणजे मूल सावरले, असे होत नाही. घर सुटलेल्या मुलाला दोन गोष्टी परत द्याव्या लागतात : आपले म्हणावे असे एक माणूस, आणि ठरलेला दिवसक्रम.

आपले माणूस किती मोलाचे, हे त्याच महायुद्धात लंडनमध्ये दिसून आले. ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोन विदुषी तिथे युद्धाची झळ लागलेल्या बालकांसाठी संगोपनगृहे चालवीत. त्यांना असे आढळले की, आई जवळ असली आणि ती धीराची असली, तर बाँब पडत असतानाही मूल बरेचसे सावरलेले राही. सुरक्षित जागी नेले पण आईपासून तोडले, तर मात्र ते आतून खचे. तेव्हा त्यांनी चार-पाच मुलांमागे एक बाई नेमून लहान लहान कुटुंबेच केली. प्रथम "ही माझी बाई" म्हणून हेवेदावे झाले. पण पुढे तीच मुले बोलू लागली, त्यांना वळण लागले.

आता शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे. असे मूल वर्गात आले म्हणजे कधी गप्प बसेल, कधी अंगावर धावून जाईल. मोठे असूनही अंथरूण ओले करील. फटाका वाजला की दचकेल, खेळताना लढाईच खेळेल. हा हट्ट नव्हे, की वेडही नव्हे. रागावू नका, चारचौघांत हसू नका. त्याची बसायची जागा ठरवून द्या, शेजारी एक समजूतदार सोबती द्या. रोज त्याच वेळी तीच प्रार्थना, तोच खेळ, तीच घंटा. उद्या काय होणार हे ठाऊक असले की भीती निम्मी होते. त्याच्या भाषेतले दोन शब्द आपण शिका. आणि कुणी वारले असेल तर "गावाला गेले" असे खोटे सांगू नका. जवळच्या माणसाने, साध्या शब्दांत, खरे सांगावे.

इथे माझीच एक चूक सांगतो. २०२३ साली मणिपुरात हिंसाचार उसळला आणि साठ हजारांवर माणसांना घरे सोडावी लागली. तिकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात आला. मी मोठ्या आपुलकीने त्याला उभे केले आणि म्हटले, "तिथे काय झाले ते सर्वांना सांग बरे." तो उभा राहिला, ओठ हलले, शब्द फुटेना. पुढले चार दिवस तो आलाच नाही. तो तर अठरा वर्षांचा. आठ वर्षांच्या पोराचे काय झाले असते? तेव्हापासून मी विचारीत नाही. जवळ असतो. सांगावेसे वाटले तर मूल आपण होऊन सांगते, कधी चित्रातून, कधी खेळातून, आपण ऐकायचे.

अशा आधाराने बहुतेक मुले हळूहळू सावरतात. पण महिना उलटूनही झोप नाही, जेवण नाही, बोलणे नाही, किंवा जीव द्यायची भाषा तोंडी आली, तर मात्र थांबू नका. जीव द्यायची भाषा असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे; तिथे विनामूल्य, मराठीतूनही सल्ला मिळतो.

युनिसेफच्या हिशेबाप्रमाणे २०२४ अखेर जगात साडेचार कोटींहून अधिक मुले लढाई आणि हिंसाचार यांमुळे घराबाहेर होती. आकडा ऐकून आपण हबकतो, आणि आपल्याकडून काय होणार म्हणून गप्प बसतो. पण वळिवड्याचेच बघा. पोलिश कुटुंबे गेली, आणि फाळणीत घरे गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत राहायला आली. आज आपण तिथे बस्ता बांधतो. उद्या आपल्या शाळेच्या दारात असे एखादे मूल उभे राहिले, तर त्याला प्रथम काही विचारू नका. नाव तेवढे विचारा, आणि बसायला जागा द्या.