कायम रहिवासी आणि मायदेशाची वाट

‘ग्रीन कार्ड’ हा शब्द आता आपल्या घराघरांत रुळला आहे. कोणाचा भाऊ, कोणाची आत्या अमेरिकेत असते आणि त्यांना ग्रीन कार्ड मिळाल्याची बातमी पेढ्यांसह आपल्यापर्यंत पोहोचते. पुढे ही मंडळी दिवाळीला किंवा घरच्या लग्नकार्याला येतात, तीन-चार आठवडे राहतात आणि परत जातात. आपल्याला परत जाऊ देतील की नाही, अशी शंका सहसा त्यांच्या मनाला शिवत नाही. परंतु जगात असेही देश आहेत, की जेथील माणसाला स्वतःच्या आईवडिलांना भेटायला जाण्यापूर्वी हा प्रश्न मनाशी शंभरदा विचारावा लागतो. राज्यशास्त्राच्या पुस्तकातील ‘नागरिकत्व’ हे प्रकरण आपण परीक्षेपुरते वाचतो. त्यातील व्याख्यांमागे केवढे सुखदुःख दडलेले असते, हे मला इराणच्या उदाहरणावरून उमगले. तेच येथे थोडक्यात मांडण्याचा विचार आहे.

प्रथम ‘कायम रहिवासी’ म्हणजे काय ते पाहू. परदेशात गेलेला माणूस आधी मुदतीच्या परवान्यावर राहतो, नंतर त्याला कायम वास्तव्याची परवानगी मिळते आणि पुढे त्याने अर्ज केल्यास व तो मंजूर झाल्यास नागरिकत्व मिळते. कायम रहिवासी हा मधल्या पायरीवरचा माणूस होय. तो त्या देशात राहू शकतो, नोकरी करू शकतो, घर घेऊ शकतो, कर तर भरतोच. पण त्याचा पासपोर्ट जुन्या देशाचाच असतो. अमेरिकेतील इराणी माणसाला हा पासपोर्ट बदलून घ्यायचा असेल, तर तो इराणच्या वकिलातीत जाऊ शकत नाही; कारण १९८० पासून या दोन देशांचे राजनैतिक संबंध तुटलेले आहेत. इराणचे काम वॉशिंग्टन येथे पाकिस्तानच्या वकिलातीच्या आश्रयाने चालते आणि अमेरिकेचे काम तेहरानमध्ये स्वित्झर्लंडची वकिलात पाहते.

आता हा माणूस तेहरानला गेला आणि पकडला गेला, तर त्याच्या मदतीला कोण येणार? १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३६ वे कलम सांगते, की परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधता आला पाहिजे. पण हे कलम ‘आपल्या नागरिकां’विषयी आहे. कायम रहिवासी अमेरिकेचा नागरिक नाही. आणि ज्या देशाचा तो नागरिक आहे, त्याच देशाने त्याला पकडलेले आहे! मग दाद मागायची कोणाकडे?

नागरिकत्व मिळाले म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही. इराणी पित्याचे अपत्य ते इराणी, असे तेथील दिवाणी कायद्याचे ९७६ वे कलम म्हणते. आणि सरकारने घालून दिलेले नियम न पाळता कोणी परदेशी नागरिकत्व घेतले तर ते धरायचे नाही, असे ९८९ वे. १९३० च्या हेग करारातही असे तत्त्व होते, की ज्या माणसाला दोन्ही देशांचे नागरिकत्व आहे, त्याच्या वतीने एक देश दुसऱ्या देशापुढे राजनैतिक संरक्षणाचा दावा करू शकत नाही. नाझनीन झाघरी-रॅटक्लिफ या ब्रिटिश नागरिकत्व असलेल्या बाई एप्रिल २०१६ मध्ये माहेरची भेट आटोपून निघाल्या असताना तेहरानच्या विमानतळावर पकडल्या गेल्या. बरोबर दोन वर्षेही पुरी न झालेली मुलगी होती. मार्च २०१९ मध्ये ब्रिटनने त्यांना राजनैतिक संरक्षण जाहीर केले. तरी सुटका झाली ती मार्च २०२२ मध्ये, शहाच्या काळातील रणगाड्यांच्या व्यवहाराचे सुमारे ४० कोटी पौंडांचे जुने देणे ब्रिटनने चुकते केले तेव्हा.

जिथे नागरिकांची ही गत, तिथे कायम रहिवाशाचा क्रमांक त्यांच्याही मागे लागतो. शहाब दलिली हे अमेरिकेचे कायम रहिवासी. २०१६ मध्ये वडिलांच्या अंत्यविधीसाठी ते इराणला गेले आणि तेथेच पकडले गेले. शत्रुराष्ट्राशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून त्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. अमेरिकेने डिसेंबर २०२० मध्ये परदेशात ओलीस धरलेल्यांसाठी जो कायदा केला, त्यात देशाशी दृढ संबंध असलेल्या कायम रहिवाशांचाही समावेश आहे. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये दोन्ही देशांत कैद्यांची अदलाबदल होऊन पाच अमेरिकन सुटले, त्यांत दलिली नव्हते.

आपण महाविद्यालयातील माणसे; म्हणून आणखी एका उदाहरणाकडे लक्ष वेधतो. अहमदरेझा जलाली हे आपत्तीच्या वेळच्या वैद्यकीय सेवेचे तज्ज्ञ, स्वीडनचे कायम रहिवासी. इराणमधील विद्यापीठांच्याच निमंत्रणावरून ते २०१६ मध्ये गेले आणि एप्रिल महिन्यात त्यांना अटक झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना मृत्युदंड सुनावण्यात आला. स्वीडनने त्यांना नागरिकत्व दिले ते फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे ते तुरुंगात असताना. जून २०२४ मध्ये स्वीडन व इराण यांच्यात कैद्यांची देवघेव झाली, तेव्हाही ते मागेच राहिले. मानववंशशास्त्राच्या अभ्यासक फरिबा आदेलखाह यांचाही अनुभव असाच. त्या फ्रान्सच्याही नागरिक, पण जून २०१९ मध्ये अटक झाली आणि फ्रान्सला परतायला ऑक्टोबर २०२३ उजाडला. परदेशी विद्यापीठ, परिसंवाद, संशोधन या ज्या गोष्टी आपल्याला भूषणावह वाटतात, त्याच तेथे संशयाला कारण होतात.

तुरुंगाखेरीज आणखी एक उपाय राज्यकर्त्यांच्या हाती असतो. विमानतळावर पासपोर्ट काढून घ्यायचा आणि ‘तुम्हाला देश सोडता येणार नाही’ असे सांगायचे. फारसीत अशा माणसाला ‘मम्नूअ-उल-खुरूज’ म्हणतात. आपल्या ‘मनाई’ शब्दाचाच हा भाऊबंद! इकडे कायम वास्तव्याची परवानगीही कायमची नसते. एक वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिले, तर केवळ ग्रीन कार्ड दाखवून आत येता येत नाही. त्यासाठी आधी वेगळा परवाना काढावा लागतो. शिवाय धोरणे बदलतात. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेने इराणसह सात देशांच्या लोकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस ग्रीन कार्डवालेही त्या बंदीत सापडले. म्हणजे या माणसाला मागचे दार आणि पुढचे दार, दोन्हींचा भरवसा नाही.

निर्वासिताची गोष्ट याहून निराळी आहे. १९५१ च्या करारान्वये आश्रय मिळालेला माणूस आपखुशीने पुन्हा मायदेशाचे संरक्षण घेऊ लागला, तर त्याचा आश्रय संपुष्टात येऊ शकतो. कायम रहिवाशावर असे बंधन नाही. त्याला जाण्याची मोकळीक आहे, म्हणून निर्णयाचा सारा भारही त्याच्याच डोक्यावर आहे.

मग ही माणसे जातात तरी कशाला, असे कोणी विचारील. ती जातात आई आजारी असते म्हणून, बहिणीचे लग्न असते म्हणून, वडिलांच्या चाळिसाव्याला लेकाने असावे म्हणून. आपल्याकडे तेराव्याचे जे महत्त्व, तेच तिकडे चाळिसाव्या दिवसाचे. आणि हेही सांगितले पाहिजे, की इराणी नववर्षाला, नवरोजला, असंख्य लोक जातात आणि सुखरूप परत येतात. पकडले जातात ते थोडे.

पण माझ्या मते या व्यवस्थेची खरी मेख येथेच आहे. कोणाला पकडतील हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येकालाच सांभाळून राहावे लागते. परदेशात सभेला जायचे का, पत्रकावर सही करायची का, वर्तमानपत्रात चार ओळी लिहायच्या का, अशा प्रत्येक वेळी ‘मग आईला भेटता येईल का?’ हा प्रश्न आडवा येतो. ज्या देशात बोलण्याला बंदी नाही, तेथे बसूनही माणूस गप्प राहतो. हजारो मैलांवरच्या नागरिकाचे तोंड बंद करायला सरकारला पोलीस पाठवावे लागत नाहीत. त्याच्या घरची ओढच ते काम करते.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमात देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा, असे दोन्ही हक्क एकाच वाक्यात सांगितले आहेत. मला ही जोड फार अर्थपूर्ण वाटते. परत बाहेर पडता येणार नसेल, तर घरी जाण्याच्या हक्काला काय अर्थ उरतो? पुण्याच्या महाविद्यालयांना इराणी विद्यार्थी नवे नाहीत. असा एखादा सहाध्यायी राजकारणाच्या चर्चेत एकाएकी अबोल झाला, तर त्याला भित्रा म्हणण्यापूर्वी त्याच्या घरी कोण कोण आहे, याचा आपण विचार करावा.