सेलिनक्समधील परवानगी-नकार
सेलिनक्समधील परवानगी-नकार : लिनक्स या परिचालन प्रणालीतील सुरक्षा धोरणाने एखाद्या प्रक्रियेस फाइल, पोर्ट इत्यादींचा वापर नाकारणे. सेलिनक्स ही यंत्रणा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २००० मध्ये खुली केली. २००३ मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली. तीत प्रत्येक प्रक्रियेस व फाइलीस सुरक्षा-लेबल असते. धोरणात मुभा नसलेली कृती, फाइलीच्या मालकाची संमती असली तरी, रोखली जाते आणि प्रायः तिची नोंद ऑडिट नोंदवहीत होते. ही नोंद हेच निदानाचे पहिले साधन होय.

नकार पुष्कळदा चुकीच्या लेबलामुळे उद्भवतो. उदा., वापरकर्त्याच्या खासगी निर्देशिकेतून वेब सर्व्हरच्या निर्देशिकेत हलविलेली फाइल जुनेच लेबल बाळगते. त्यामुळे सर्व्हरला ती वाचता येत नाही. ‘रिस्टोरकॉन’ या आज्ञेने धोरणात ठरलेले लेबल पुन्हा लागते. ‘सीएचकॉन’ने दिलेले लेबल मात्र पुढील पुनर्लेबलनात पुसले जाऊन तोच नकार परत येतो. निर्देशिका नेहमीच्या स्थानी नसल्यास ‘सीमॅनेज’ने नियम नोंदवून मग ‘रिस्टोरकॉन’ वापरणे, हा टिकाऊ उपाय होय.

‘ऑडिट-टू-अलाउ’ हे साधन नोंदींवरून नवे नियम रचते. तथापि ते न तपासता स्वीकारल्यास घुसखोरासही तीच मुभा मिळू शकते. यंत्रणा बंद केल्यास नकारांबरोबर तिचे संरक्षणही संपते.