हाडांसाठी कोदो पुरेसा नाही

भिलाईच्या पोलाद वसाहतीत स्थिरावलेल्या मराठी घरांतील साठीपुढच्या काही स्त्रिया वजन वा रक्तातील साखर आटोक्यात आणण्यासाठी दूध सोडतात आणि भाताऐवजी कोदो शिजवितात. भरडधान्याने हाडे बळकट होतात, असा त्यामागचा समज. तो अर्धाच खरा आहे. शंभर ग्रॅम कोदोत कॅल्शियम जेमतेम १५ ते ३० मिलिग्रॅम. नाचणीत, म्हणजे छत्तीसगडच्या मडियात, सुमारे ३५०. राज्याच्या मिलेट मिशनने २०२१ पासून कोदो, कुटकी व रागी यांना एका पंक्तीत बसविले आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी घरोघरी मात्र त्यांतील फरक सांगावा.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटून हाडे वेगाने विरळ होतात. त्यात उपासमार करून वजन उतरविले, तर हाडांची घनताही उतरते आणि न्हाणीघरात साधे घसरल्यानेही खुब्याचे हाड मोडू शकते. या वयात दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. एकट्या नाचणीने ते भरून निघत नाही. ताक-दही, तीळ, पुरेशी डाळ, अंगावर कोवळे ऊन आणि परसातल्या मुनग्याची, अर्थात शेवग्याची, पाने हवीतच. नाचणीला साठवणुकीतील किडी फारशा शिवत नाहीत, म्हणून वर्षाची बेगमी सुखाने करता येते. पीठ तेवढे थोडे थोडे दळावे.