डॉक्टर निवडताना काय विचारायचं? : पंचकुल्याहून आलेला एक प्रश्न

मागच्या भागाखाली पंचकुल्याहून एका ताईंनी प्रश्न विचारला होता. तो अनेकींचा आहे, म्हणून आजचा पूर्ण भाग त्यावरच घेतेय. ताई मूळच्या साताऱ्याच्या, यजमान फौजेत, सध्या चंडीमंदिरला पोस्टिंग. पहिलं बाळंतपण, तिसावा आठवडा. आई म्हणते माहेरी ये, पण त्यांना इथेच राहायचंय. एका खाजगी दवाखान्यात नाव घातलंय. डॉक्टर चांगल्या आहेत, हसून बोलतात. पण "नॉर्मल होईल ना?" असं विचारलं की म्हणतात, "देखेंगे, टाइम आने पर देखेंगे." आता या उत्तराचा अर्थ काय लावायचा, असं ताई विचारतात.

मी डॉक्टर नाही, बाळंतपणाच्या तयारीचे वर्ग घेते, हे आधीच सांगून ठेवते. आणि त्या उत्तरात चूक काही नाही. बाळंतपण कसं होईल ते आधी कुणीच सांगू शकत नाही. उलट पहिल्याच भेटीत "शंभर टक्के नॉर्मल करून देतो" म्हणणाऱ्यापासून मी लांब राहीन. चुकला असेल तर प्रश्न चुकलाय. "नॉर्मल होईल ना?" हा प्रश्न आपण आशीर्वाद मागावा तसा विचारतो, मग उत्तरही आशीर्वादासारखंच मिळतं. डॉक्टरांची रोजची कामाची पद्धत काय आहे, ते विचारायला हवं.

त्याने एवढा फरक पडतो का? पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. त्यात देशभर २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसतं. सरकारी रुग्णालयांत हा आकडा १४.३ टक्के होता आणि खाजगीत ४७.४ टक्के. खाजगीत जाणाऱ्या बायका थोड्या मोठ्या वयाच्या असतात, काहींना साखर किंवा रक्तदाबाचा त्रास असतो, काही स्वतःहून सिझर मागतात, हे सगळं धरूनसुद्धा तिपटीचा फरक नुसत्या बायकांच्या तब्येतीने होत नाही. तुम्ही योगासनं करा, चाला, खजूर खा, सगळं चांगलंच आहे. पण कळा सुरू झाल्यावर तुम्ही कुणाच्या दारात उभ्या असता, यावर फार काही ठरतं.

आता कुणी लगेच "डॉक्टर पैशांसाठी कापतात" असं लिहील. लिहू नका. एकट्या डॉक्टरांचं छोटं नर्सिंग होम डोळ्यांसमोर आणा. सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, रात्री तुमच्या कळा. पहिलटकरणीच्या कळा बारा-पंधरा तास चालू शकतात. तेवढा वेळ शेजारी बसून पाठ चोळणारी, ठोके ऐकणारी प्रशिक्षित नर्स तिथे नसते. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलवावे लागतात आणि पहाटे तीनला ते वेळेत पोचतील याची खात्री नसते. काही बिघडलं तर नातेवाईक काचा फोडतात, कोर्टात खेचतात. अशा परिस्थितीत संध्याकाळी सातला "आता थांबायला नको" असं वाटणं माणसाला साहजिक आहे. आणि आपण तरी काय करतो? पंचांग बघून मुहूर्ताचं सिझर मागणारी घरं आपल्याकडे काही थोडी नाहीत.

'नॉर्मल' या शब्दाचाही घोळ आहे. दवाखान्यात नॉर्मल म्हणजे पोट न कापता झालेलं, बस. त्यात कळा वाढवायला लावलेलं सलाइन, पाठीवर झोपवून वर बांधलेले पाय, प्रत्येकीला दिलेली चीर, पोटावर दिलेला दाब, असं सगळं बसतं. तुम्हाला ते नको असेल तर नुसतं "नॉर्मल हवंय" म्हणून भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणातल्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यांत सरसकट चीर देऊ नये, बाळ बाहेर काढायला पोटावर दाब देऊ नये, जोखीम नसेल तर बाईला खाऊपिऊ द्यावं, हिंडूफिरू द्यावं आणि तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्यावं, असं स्पष्ट म्हटलंय. मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती वेळेची शिफारस. गर्भपिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, असा हिशेब वर्षानुवर्षं लावला गेला. हा हिशेब प्रत्येकीला लावू नका, असं त्या शिफारशी सांगतात. जोरदार कळांचा खरा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा आणि तिथून पुढे पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं त्यांत आहे. तीन सेंटिमीटरला भरती होऊन सहा तासांत "प्रगती नाही" म्हणून सिझर झालेल्या किती बायका तुमच्या ओळखीत आहेत, आठवून बघा.

मग काय विचारायचं? वही घेऊन परीक्षा घ्यायला जाऊ नका. चार-पाच प्रश्न पुरतात, ते दोन-तीन भेटींत वाटून विचारा, आणि उत्तराबरोबर डॉक्टरांच्या चेहऱ्याकडेही लक्ष ठेवा. प्रश्न विचारलेला ज्यांना आवडत नाही, त्यांना कळांच्या वेळीही तो आवडणार नाही.

पहिला प्रश्न: "पहिल्या खेपेच्या, नऊ महिने भरलेल्या, डोकं खाली असलेल्या बायकांपैकी तुमच्याकडे साधारण किती जणींचं सिझर होतं?" प्रश्न लांबलचक वाटेल, पण तो असाच विचारायचा. पीजीआयसारख्या ठिकाणी आसपासच्या राज्यांतून गुंतागुंतीच्या केसेस येतात, तिथला एकूण आकडा जास्त असणारच. म्हणून सारख्याला सारखं लावून बघायचं. मायकेल रॉबसन या डॉक्टरांनी २००१ मध्ये बायकांचे दहा गट पाडून सिझेरियनचा हिशेब मांडायची पद्धत सुचवली, ती याचसाठी. पुढे आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली. आपल्याकडे मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी रुग्णालयांना सिझेरियनचे आकडे जाहीर करायला लावा अशी ऑनलाइन मागणी केली, हजारो सह्या झाल्या. २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेतल्या रुग्णालयांना नॉर्मल आणि सिझेरियनचं प्रमाण दर्शनी भागात लावा, असं सांगितलं गेलं. तेव्हा विचारायला संकोचू नका. नेमका आकडा तोंडपाठ नसला तरी चालेल. "मोजतो आम्ही, बघून सांगते," हे उत्तर चांगलं. "असं काही नसतं, प्रत्येक केस वेगळी," एवढंच म्हणून विषय बंद झाला तर मनात नोंद करा.

दुसरा प्रश्न: "तारीख उलटली तर तुम्ही काय करता?" इथे डॉक्टरांचा स्वभाव लगेच कळतो. चाळीस आठवडे झाले की दुसऱ्या दिवशी भरती, असा काहींचा शिरस्ता असतो. आई-बाळ ठीक असतील तर तपासणी करत एक्केचाळीसपर्यंत थांबणारेही असतात. त्यापुढे मात्र कळा आणण्याला खरी कारणं आहेत, तेव्हा "निसर्ग बघून घेईल" म्हणून हट्ट धरू नका. याच ओघात नाळेचं विचारा. सोनोग्राफीत "नाळ गळ्याभोवती" असं दिसलं की घरात रडारड सुरू होते. जन्मणाऱ्या साधारण चारातल्या एका बाळाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि बहुतेक बाळं तशीच सुखरूप बाहेर येतात. नुसतं तेवढं सिझरचं कारण नाही. "बाळ मोठं आहे" याचंही तसंच. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, तो दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे सहज होतो.

तिसरा: "रात्री दोनला मी आले तर मला कोण बघेल?" तुम्ही ज्यांच्यावर विश्वास टाकलाय त्या डॉक्टर, त्यांच्या सहकारी, की फक्त ड्युटीवरची नर्स? भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात? नवजात बाळाचे डॉक्टर? नैसर्गिक बाळंतपण हवं असलेल्या बाईला हा प्रश्न जास्त लागू आहे. अर्ध्या तासात ऑपरेशन उभं राहू शकतं हे माहीत असलं तरच डॉक्टरांना शांतपणे थांबता येतं.

आणि सोबतीचं. २०१७ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यात २६ प्रयोग आणि पंधरा हजारांहून जास्त बायकांचा हिशेब होता. कळांच्या पूर्ण काळात कुणीतरी सतत सोबत असेल तर सिझेरियन कमी होतात, कळांचा काळही थोडा कमी होतो, असं त्यात दिसलं. याला औषध लागत नाही. केंद्र सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही प्रसूतीच्या खोलीत सोबतीला जागा आहे. तरी गर्दीच्या ठिकाणी आईला दाराबाहेर बसवतात. ताई, तुमच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. तिथल्या नर्स हिंदी-पंजाबीत बोलणार आणि तुमच्या आईला धड हिंदी येत नाही. आतमध्ये कोण असेल हे आत्ताच ठरवा. आई असेल तर तिला "पानी की थैली", "ज़ोर लगाओ", "अभी ज़ोर मत लगाओ" एवढं तरी शिकवून ठेवा. शेवटच्या दोन्हींत उलटसुलट झालं तर पंचाईत होते!

आता सुईणीबद्दल. "मला मिडवाइफ हवी" असं बऱ्याच जणी लिहितात, पण हा शब्द आपल्याकडे चार वेगळ्या माणसांना लावला जातो. गावची सुईण किंवा दाई, जिच्या हाताला अनुभव असतो, पण रक्तस्राव सुरू झाला तर औषध नसतं. एएनएम आणि जीएनएम झालेल्या नर्स, ज्यांच्या शिक्षणात प्रसूती येते. डूला, जी सोबत करते, धीर देते, पण तपासणी किंवा प्रसूती करत नाही. आणि चौथी, प्रशिक्षित मिडवाइफ. केंद्राने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नोंदणीकृत नर्सने आणखी अठरा महिन्यांचं प्रशिक्षण घ्यायचं आणि साध्या, बिनजोखमीच्या बाळंतपणाची सूत्रं तिच्या हाती द्यायची, गरज पडली तर डॉक्टर शेजारीच, अशी ती कल्पना. तेलंगणाने हे आधीच सुरू केलं होतं आणि हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने त्यात पुढाकार घेतला. सगळीकडे हे अजून पोचलेलं नाही. म्हणून कुणी स्वतःला मिडवाइफ म्हणवत असेल तर शिक्षण कुठलं, राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, आणि अडचण आली तर कुठल्या रुग्णालयात, कुणाकडे नेणार, हे विचारा. उत्तर टाळलं तर उठून या.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी, कारण आम्हीही व्हिडिओच करतो. जुलै २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरला व्हिडिओ बघून घरी बाळंतपण करण्याच्या प्रयत्नात एका तरुण आईचा रक्तस्रावाने जीव गेला. आमचे व्हिडिओ डॉक्टर निवडायला वापरा, डॉक्टरांऐवजी वापरू नका. वार खाली असेल, मूल आडवं असेल, रक्तदाब चढत असेल, बाळाचे ठोके पडत असतील, तर सिझर जीव वाचवतं. पायाळू मुलाचा निर्णय अनुभवी हातांवर सोडा. पहिलं सिझर झालेल्यांनी मात्र "आता कायम सिझरच" हे लगेच मान्य करू नये. योग्य निवड केली तर शंभरातल्या साठ ते ऐंशी जणींचं पुढचं बाळंतपण नॉर्मल होतं. जुना टाका उसवण्याचा धोका दोनशेत एक असा असतो. कमी आहे, पण खरा आहे. म्हणून ते करायचं तर चोवीस तास ऑपरेशनची सोय असेल अशाच ठिकाणी.

पंचकुल्याची सोय तशी बरी आहे. सेक्टर ६ चं सरकारी रुग्णालय आहे, फौजी कुटुंबांना चंडीमंदिरचं कमांड हॉस्पिटल, आणि पलीकडे चंडीगढमध्ये सेक्टर ३२ चं मेडिकल कॉलेज आणि सेक्टर १२ मधलं पीजीआय. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत असतं, सिझर झालं तरी. मोठ्या सरकारी ठिकाणी रात्रीही डॉक्टर जागे असतात, घाई करायचं कारण कमी असतं. पण गर्दी फार, एकांत नाही, सोबतीचे नियम कडक. ताई, तुम्ही कमांड हॉस्पिटल सोडून खाजगीत का गेलात ते लिहिलं नाहीत. कारण फक्त "खोली चांगली" एवढंच असेल, तर एकदा तिथेही जाऊन हेच प्रश्न विचारून या.

तिसाव्या आठवड्यात डॉक्टर बदलता येतो का? येतो, चौतिसाव्यातही येतो. तुमच्या तपासण्यांचे कागद तुमचे आहेत. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून बहात्तर तासांत ते द्यावे लागतात. भांडून निघायची गरज नाही, "दुसऱ्या गावी चाललेय" म्हटलं तरी चालतं. साताऱ्याला जायचं ठरलंच तर लवकर ठरवा. बहुतेक विमान कंपन्या साधारण बत्तीस आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीसनंतर नेत नाहीत. आणि माहेरी पोचल्यावर आईच्या ओळखीचे डॉक्टर म्हणून प्रश्न गिळू नका, हेच सगळं तिथेही विचारा.

राहायचं ठरलं तर या आठवड्यात एवढं करा: रात्री अकरानंतर एकदा घरून दवाखान्यापर्यंत गाडीने जाऊन या. किती मिनिटं लागली ते बघा, रात्री कुठलं दार उघडं असतं ते बघा, आणि आत जाऊन ड्युटीवरच्या सिस्टरना विचारा, "इथे बाळंतपणाच्या वेळी आईला आत बसू देतात का?" डॉक्टरांनी दिलेलं उत्तर आणि सिस्टरनी दिलेलं उत्तर जुळतंय का, ते मला खाली लिहून कळवा.