सुटका कुणाची?

बचत गटाची बैठक संपली, सतरंजी गुंडाळून झाली, चहाचे कपही धुतले गेले, तरी काकू जायचं नाव घेईनात. सगळ्याजणी पांगल्यावर त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. घडीवर घडी पडून पार विरलेलं. म्हणाल्या, "ताई, हे खरं आहे का हो? तिकडं मनाच्या आजारातूनसुद्धा डॉक्टर माणसाला सोडवतात म्हणे. मग आपल्याकडं का नाही असा कायदा?"

बातमी २०२४ सालची होती. नेदरलँड्समधली झोराया तेर बेक ही एकोणतीस वर्षांची तरुणी. मनाच्या आजाराने गांजलेली. त्या मे महिन्यात डॉक्टरांच्या मदतीने, कायद्याच्या चौकटीत तिने मरण पत्करलं. काकूंची मुलगीही साधारण त्याच वयाची. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा आजार कळला आणि सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. त्याला आता सात वर्षं झाली.

मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन लेकीच्या मदतीने या विषयावर जमेल तेवढं वाचून काढलं. तेव्हा कळलं, की काकूंना वाटत होतं तसं ते सोपं नाही.

नेदरलँड्समध्ये असा कायदा १ एप्रिल २००२ पासून लागू आहे. पण मनाच्या दुखण्याचा प्रश्न त्याआधीच कोर्टात गेला होता. पन्नाशीची एक आई. दोन्ही मुलगे गेलेले, संसार मोडलेला. १९९१ साली शाबो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने तिला मरणासाठी मदत केली. १९९४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की यातना शरीराची नसून मनाची असली तरी ती यातनाच. पण त्याच निकालात डॉक्टरांना दोषीही ठरवलं. शिक्षा दिली नाही, दोष मात्र ठेवला. कारण दुसऱ्या कुठल्याच स्वतंत्र डॉक्टरने त्या बाईला प्रत्यक्ष तपासलं नव्हतं.

आज तिथे अटी कडक आहेत. मागणी रुग्णाने स्वतः, विचारपूर्वक केलेली हवी. यातना असह्य हवी, सुधारण्याची आशा नको आणि दुसरा कुठलाच मार्ग उरलेला नको. झोरायाने वर्षानुवर्षं उपचार घेतले होते. तरी होकार मिळेपर्यंत साडेतीन वर्षं गेली. आणि एवढं असूनही तिथला वाद मिटलेला नाही. मानसिक आजारासाठी अशी २०१० साली दोन मरणं नोंदली गेली, २०२३ साली १३८. काहीजण म्हणतात, कॅन्सरच्या रोग्याचं दुखणं खरं आणि मनोरुग्णाचं खोटं, असं कसं? दुसरे म्हणतात, मरावंसं वाटणं हेच तर या आजाराचं लक्षण. मग ती मागणी माणसाची की आजाराची? शिवाय हा रुग्ण पुढे बरा होणारच नाही, हे छातीठोकपणे सांगणार कोण?

कॅनडाने तर मानसिक आजाराला ही परवानगी द्यायचं ठरवून पुन्हा पुन्हा पुढे ढकललं. २०२४ साली त्यांनी नवी तारीख घातली, १७ मार्च २०२७. कारण दिलं, आमची आरोग्य व्यवस्था अजून तयार नाही. मैत्रिणींनो, कॅनडासारखा श्रीमंत देश असं म्हणतो!

आणि आपण? आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बरं होण्याची आशाच नसलेल्या रुग्णाचे, त्याला यंत्रांवर जगवणारे उपचार थांबवायला वाट करून दिली. तिचा काकूंच्या मुलीशी काही संबंध नाही. तिच्यासाठी आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा. तो सांगतो, सरकारी मानसोपचार मिळणं हा तिचा हक्क आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाराही गुन्हेगार नव्हे, तो तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची.

हे सगळं सांगायला मी काकूंकडे गेले. त्या घरी मी वीस वेळा तरी गेले असेन. हिशेबाची वही, कर्जाचा हप्ता, चहा. आतल्या खोलीत मात्र एकदाही डोकावले नव्हते. समाजसेविका म्हणवते स्वतःला! त्या दिवशी पहिल्यांदा तिच्याजवळ बसले. बराच वेळ ती बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "मावशी, माझ्यामुळं आई थकली ना?"

औषधाचं विचारलं, तर आठ महिने बंद! जिल्ह्याच्या गावी जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि काकूंची एका दिवसाची मजुरी बुडायची. मी विचारलं, "काकू, मरण हिनं मागितलंय का कधी?" त्या गप्प. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "नाही हो ताई. पण मी गेल्यावर हिचं कोण?"

तिथे मला त्या कात्रणाचा अर्थ कळला. सुटका मुलीने मागितलीच नव्हती. थकलेल्या आईची ती भीती होती. काकूंना मी नावं ठेवणार नाही. सात वर्षांत त्यांच्या दाराशी आमच्यातली एकतरी थांबली होती का?

झोरायाचं चूक की बरोबर, हे मला आजही ठरवता येत नाही. पण एक पक्कं समजलं. 'दुसरा मार्ग उरला नाही' म्हणण्याआधी आधीचे मार्ग चालून पाहिलेले असावे लागतात. आपल्याकडे कितीतरी घरांत पहिलाच मार्ग आठ महिन्यांपासून बंद आहे.

आता गटातल्या आम्ही पाचजणी पाळी लावून तिला जिल्हा रुग्णालयात नेतो. औषध सुरू झालंय. चमत्कार झालेला नाही. वाईट दिवस येतातच. पण परवा बैठकीला ती आईबरोबर आली आणि सतरंजी तिने घातली.

तुमच्या गल्लीतही असं एखादं दार असेल. आत जा. स्वतःच्याच मनात असे विचार येत असतील, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा नंबर आहे. मोफत, रात्रंदिवस चालू, मराठीतही बोलतात. लाजू नका. फोन लावा.